इनहेलरची पेटंटं शोधायची तर: ऑरेंज बुक, एस्पासनेट आणि गुगल पेटंट्स यांचा कस

गोळीच्या बाबतीत ‘पेटंट कधी संपतं?’ या प्रश्नाला बऱ्याचदा एक-दोन तारखांत उत्तर देता येतं. इनहेलरचं तसं नाही. त्यात औषध वेगळं आणि ते फुफ्फुसापर्यंत नेणारा वायू किंवा लॅक्टोजची भुकटी वेगळी. मोजून मात्रा सोडणारा व्हॉल्व्ह, तोंडात धरायचा प्लॅस्टिकचा भाग, किती पफ उरले ते दाखवणारा काउंटर, हेही सगळं वेगवेगळं. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र पेटंट असू शकतं आणि प्रत्येकाची मुदत वेगळ्या दिवशी संपते. त्यामुळे एखाद्या इनहेलरभोवतीची पेटंटं शोधणं म्हणजे एकाच डबीत बसवलेल्या चार-पाच उत्पादनांचा शोध असतो.

हा शोध फुकट करता येईल अशा तीन सेवा फॉर्म्युलेशनवाले (म्हणजे औषधाचं मिश्रण बनवणारे), फार्मसीचे विद्यार्थी आणि पेटंट एजंट रोज वापरतात: एफडीए या अमेरिकी औषध-नियामकाचं ऑरेंज बुक, युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पासनेट आणि गुगल पेटंट्स. तिन्ही इथे फक्त इनहेलरच्या कामासाठी तपासल्या आहेत. निकाल आधीच सांगून टाकतो. ऑरेंज बुक औषधाच्या बाजूने चांगलं, यंत्राच्या बाजूने अपुरं, आणि आता तर आणखी अपुरं होत चाललंय. एस्पासनेट यंत्रासाठी तिघांत सरस, पण वर्गीकरणाचे कोड शिकल्याशिवाय ते हाती काही लागू देत नाही. गुगल वाचायला सगळ्यात सोयीचं, पण तारखेसाठी त्याच्यावर विसंबू नये.

ऑरेंज बुक

ही अमेरिकेत मान्यता मिळालेल्या औषधांची यादी. १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्यानंतर तिच्यात पेटंटच्या नोंदी येऊ लागल्या. औषधाला मान्यता मिळाली की ३० दिवसांच्या आत कंपनीने आपली पेटंटं कळवायची असतात. जेनेरिक, म्हणजे तेच औषध दुसऱ्या नावाने बनवणाऱ्या, कंपनीने यातलं एखादं पेटंट अवैध आहे किंवा आपल्याकडून त्याचा भंग होत नाही असं कळवलं, आणि मूळ कंपनीने नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत खटला भरला, तर जेनेरिकची अंतिम मान्यता ३० महिन्यांपर्यंत अडकू शकते. म्हणजे या यादीत एक ओळ असणं हेच मोठं हत्यार आहे.

शोध घेताना पहिली ठेच नावाला लागते. जग ज्याला सालब्युटामॉल म्हणतं त्याला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात, त्यामुळे सालब्युटामॉल टाकलं तर हाती काही लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे औषधाचा प्रकार. दाबाखाली भरलेला पंप ‘एरोसोल, मीटर्ड, इन्हेलेशन’ या नावाखाली, भुकटीचा इनहेलर ‘पावडर, इन्हेलेशन’खाली, नेब्युलायझरचं औषध ‘सोल्यूशन, इन्हेलेशन’खाली आणि रेस्पिमॅटसारखं स्प्रिंगवर चालणारं यंत्र ‘स्प्रे, मीटर्ड, इन्हेलेशन’खाली सापडतं. एकाच औषधाचे दोन प्रकार असतील तर प्रत्येकाचा अर्ज क्रमांक आणि पेटंटची यादी वेगळी असते. टायोट्रोपियम या औषधाचं भुकटीचं हँडीहेलर आणि फवाऱ्याचं रेस्पिमॅट ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, हे विसरून एकाची तारीख दुसऱ्याला लावणाऱ्यांची संख्या कमी नाही.

अर्ज क्रमांकावर क्लिक केलं की पेटंटचा तक्ता उघडतो. त्यात ‘ड्रग सबस्टन्स’ आणि ‘ड्रग प्रॉडक्ट’ अशा दोन खुणा, ‘यू’ने सुरू होणारा उपयोगाचा कोड, यादीतून काढण्याची विनंती झाली आहे का ते, आणि पेटंट कळवल्याची तारीख असते. शेवटची तारीख आवर्जून पाहावी. मान्यतेनंतर कित्येक वर्षांनी कळवलेलं पेटंट बहुतेक वेळा यंत्रातल्या सुधारणेचं किंवा नव्या उपयोगाचं निघतं. एकच पेटंट दोन ओळींत दिसलं आणि दुसऱ्या ओळीत ‘पीईडी’ असेल, तर लहान मुलांवरच्या अभ्यासाबद्दल मिळालेले ६ महिने त्यात जोडलेले आहेत. दम्याच्या औषधांत हे नेहमी भेटतं. हिशेब दुसऱ्या ओळीचा धरायचा.

खूप उत्पादनं एकदम तपासायची असतील तर वेबसाइटवर एकेक पान उघडत बसू नये. एफडीए तीन मजकूर-फाइली देते: उत्पादनांची, पेटंटांची आणि एक्सक्लूझिव्हिटीची (पेटंटाशिवाय एफडीएकडून मिळणाऱ्या बाजारातल्या संरक्षणाची). रकाने स्वल्पविरामाने नव्हे तर ‘~’ या चिन्हाने तोडलेले असतात, त्यामुळे स्प्रेडशीटमध्ये उघडताना तो विभाजक सांगावा लागतो. फाइली एकमेकींना जोडताना अर्ज क्रमांक आणि उत्पादन क्रमांक दोन्ही वापरायचे. फक्त अर्ज क्रमांकावर जोडलं तर एका ताकदीची पेटंटं दुसऱ्या ताकदीला चिकटतात. अर्ज क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं स्प्रेडशीट खाऊन टाकते, म्हणून तो रकाना मजकूर म्हणून आत घ्यावा.

आता उणिवा. पहिली कायद्यानेच आलेली आहे: बनवण्याच्या प्रक्रियेची, वेष्टनाची, मधल्या रसायनांची पेटंटं या यादीत देता येत नाहीत. भुकटीच्या इनहेलरमध्ये हे फार महत्त्वाचं ठरतं, कारण तिथलं अर्धं कसब प्रक्रियेतच असतं. औषधाचे कण १ ते ५ मायक्रॉनचे हवेत. ते जेट मिलमध्ये दळले की पृष्ठभागावर स्फटिकरूप बिघडलेला थर तयार होतो, हवेतलं पाणी ओढतो, कण एकमेकांना चिकटतात आणि फुफ्फुसात पोचणारी मात्रा साठवणीत घटत जाते. दळल्यानंतर ठरावीक तापमानाला आणि दमटपणात भुकटी ‘शांत’ करण्याची पायरी पेटंटमध्ये असू शकते. ऑरेंज बुकात तिचा मागमूस नसेल.

दुसरी उणीव: मुदत संपलेली पेटंटं चालू यादीतून निघून जातात. इतिहास हवा असेल तर जुन्या वार्षिक आवृत्त्या शोधाव्या लागतात. तिसरी: इन्सुलिनसारखी औषधं इथे नाहीतच. श्वासातून घ्यायचं इन्सुलिन अफ्रेझा २०१४ मध्ये मान्य झालं तेव्हा ते ऑरेंज बुकात होतं. २३ मार्च २०२० ला अमेरिकेत इन्सुलिनं जैविक औषधांत मोडू लागली आणि ते जैविक औषधांच्या यादीत, म्हणजे पर्पल बुकात, गेलं. पर्पल बुकात पेटंटची यादी तेव्हाच येते जेव्हा बायोसिमिलरच्या (जैविक औषधाच्या जेनेरिकसारख्या प्रतीच्या) अर्जदाराशी पेटंटांची देवाणघेवाण सुरू होते. म्हणून तिथली रिकामी जागा पाहून ‘पेटंट नाही’ असं समजू नका. नेब्युलायझरचंही असंच. औषध एका कंपनीचं, यंत्र दुसरीचं. सिस्टिक फायब्रोसिससाठीचं केस्टन हे अ‍ॅझ्ट्रिओनामचं द्रावण फक्त अल्टेरा नेब्युलायझरनेच घ्यावं असं त्याच्या लेबलवर लिहिलेलं आहे, आणि ते यंत्र पारी या कंपनीचं आहे. अशा वेळी यंत्र बनवणाऱ्याच्या नावाने वेगळा शोध घ्यावाच लागतो.

चौथी उणीव सगळ्यात मोठी, आणि ती समजायला एक क्लेम, म्हणजे पेटंट नेमका कशावर हक्क सांगतं ते वाक्य, जवळून पाहायला हवा.

प्रोएअर एचएफए हा तेवा कंपनीचा अल्ब्युटेरॉलचा पंप. त्याच्या नावावर ऑरेंज बुकात लावलेल्या पेटंटांपैकी एकाचा पहिला क्लेम सोप्या भाषेत असा: इनहेलरला कॅनिस्टर ठेवायची पोकळी असलेली मुख्य बॉडी, तिच्यात वर-खाली होणारं औषधाचं कॅनिस्टर, आणि कॅनिस्टरच्या हालचालीने दाबला जाणारा डोस काउंटरचा खुंट. पोकळीच्या आतल्या भिंतीला कॅनिस्टरला आधार देणारी उभारी. ती उभारी, काउंटरचा खुंट आणि औषध बाहेर पडण्याचं मधलं छिद्र, तिन्ही एकाच पातळीत असले पाहिजेत.

हे का, ते पंप हातात धरल्यावर कळतं. कॅनिस्टर कोणी सरळ दाबत नाही. बोट थोडं पुढे-मागे पडतं आणि कॅनिस्टर पोकळीत तिरकं होतं. तिरकं झालं की खुंटापर्यंतचं अंतर बदलतं, आणि मग दोन चुका होऊ शकतात. आकडा पडतो पण पफ सुटत नाही, किंवा पफ सुटतो पण आकडा पडत नाही. दुसरी चूक घातक: औषध संपलेलं असताना काउंटर अजून पफ उरलेत असं दाखवतो, आणि दम्याचा झटका आलेला माणूस रिकामी डबी दाबत राहतो. म्हणून काउंटरची रचना अशी करतात की खुंट आधी सरकावा, व्हॉल्व्ह मागाहून उघडावा. आणि त्या दोन बिंदूंमधलं अंतर व्हॉल्व्हची उंची, कॅनिस्टरची लांबी, बॉडीचं साचाकाम या सगळ्यांच्या फरकांना पुरून उरावं. एफडीएने २००३ मध्ये पंपांना काउंटर हवाच अशा अर्थाची मार्गदर्शिका काढली. त्यानंतर या दोन-चार मिलिमीटरच्या जागेत पेटंटांची गर्दी झाली.

पण या क्लेममध्ये अल्ब्युटेरॉल कुठे आहे? कुठेच नाही. ‘औषधाचं कॅनिस्टर’ एवढाच उल्लेख. जेनेरिक आणू पाहणाऱ्या अ‍ॅमनील कंपनीने नेमका हाच मुद्दा धरला. तेवाची अशी ५ पेटंटं यादीतून काढा, असा आदेश न्यू जर्सीच्या जिल्हा न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिला आणि फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो कायम केला. यादीत यायचं तर पेटंटने मान्यता मिळालेल्या औषधाचा सक्रिय घटक तरी क्लेम केला पाहिजे. कुठल्याही औषधाला चालेल असं कॅनिस्टर पुरेसं नाही. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने १० कंपन्यांच्या १०० हून जास्त नोंदींना आक्षेप घेतला होता आणि त्यांत इनहेलरच्या बऱ्याच होत्या.

वापरणाऱ्यासाठी याचा अर्थ दुहेरी आहे. या निकालापर्यंत ऑरेंज बुकातल्या ‘ड्रग प्रॉडक्ट’ या एकाच खुणेखाली फॉर्म्युलेशनचं आणि प्लॅस्टिकच्या काउंटरचं पेटंट शेजारी-शेजारी बसलेलं असे, आणि कुठलं कोणतं ते क्लेम उघडल्याशिवाय कळत नसे. कंपनीने कळवलेलं बरोबर आहे की नाही हे एफडीए स्वतः तपासत नाही. इथून पुढे उलटा धोका आहे. यादीतून निघालेलं पेटंट रद्द झालेलं नसतं. ते जिवंत असतं, त्यावर खटला भरता येतो. फक्त ३० महिन्यांची आपोआप मिळणारी अडवणूक जाते. कालपर्यंत दिसणारी ओळ आज दिसत नाही म्हणून यंत्राची नक्कल करायला मोकळीक मिळाली, असं मानणारा फसेल.

एस्पासनेट

ऑरेंज बुक जिथे कमी पडतं तिथून एस्पासनेट सुरू होतं. जगभरचे १५ कोटींहून जास्त दस्तऐवज, सगळं फुकट. मात्र साध्या शोधखिडकीत ‘इनहेलर’ लिहून सुरुवात केली तर निराशा ठरलेली. पेटंट लिहिणारे हा शब्द टाळतात, कारण जितका नेमका शब्द तितका क्लेम आखूड. त्यांच्या भाषेत तो मेडिकामेंट डिस्पेन्सर असतो, अ‍ॅटमायझर असतो, नुसतं ‘उपकरण’ असतं. रेस्पिमॅटमागच्या पेटंटांची शीर्षकं पाहा: लहान आकारात द्रवाला उच्च दाब देणारं उपकरण, स्प्रिंगवर चालणाऱ्या उपकरणाची कुलूप-यंत्रणा, मात्रा मोजणाऱ्या उपकरणासाठी यांत्रिक काउंटर. दमा, फुफ्फुस, श्वास, यांपैकी एकही शब्द शीर्षकात नाही.

म्हणून शोध सीपीसी वर्गीकरणाने, म्हणजे पेटंटांना दिलेल्या विषयवार कोडांनी, घ्यायचा. यंत्रासाठी ए६१एम १५/०० हा मूळ गट. त्याच्या पोटात एकेका भागासाठी कप्पे आहेत. कॅप्सूलसारख्या सुट्या मात्रांसाठी १५/००२८, फितीवर ओळीने लावलेल्या मात्रांसाठी १५/००५१, मात्रा मोजणाऱ्या यंत्रणेसाठी १५/००६५, उरलेले डोस मोजणाऱ्या काउंटरसाठी १५/००६८, आणि दाबाचं कॅनिस्टर वापरणाऱ्या पंपासाठी १५/००९. नेब्युलायझरचे फवारे ए६१एम ११/०० मध्ये. फॉर्म्युलेशन वेगळ्या घरात राहतं: श्वासातून घ्यायच्या सगळ्यासाठी ए६१के ९/००७३, त्यातली कोरडी भुकटी ९/००७५, नेब्युलायझरसाठी ९/००७८, द्रवरूप वायूत विरघळलेलं किंवा तरंगतं औषध ९/००८. शोध घेताना पोटगटही धरायला सांगा, नाहीतर फक्त मूळ गटात टाकलेले मोजके दस्तऐवज दिसतील.

एवढं केल्यावरही हजारो निकाल येतात. तेव्हा वर्ग आणि अर्जदार यांची जोडी लावायची. अर्जदाराचं नाव मात्र एका लेखनात येत नाही. ग्लॅक्सो ग्रुप, ग्लॅक्सोस्मिथक्लाइन, स्मिथक्लाइन बीचम असे एकाच घराचे धागे वेगवेगळ्या नावांनी सापडतात. तेवाच्या इनहेलरची कित्येक पेटंटं आयव्हॅक्स आणि नॉर्टन या नावांवर निघतात. प्रोपेलंटमध्ये, म्हणजे औषध बाहेर ढकलणाऱ्या वायूत, तर नावांचा आणखी गोंधळ. एचएफए १३४ए, एचएफसी १३४ए, टेट्राफ्लुओरोइथेन आणि नॉरफ्लुरेन हा एकच वायू. २२७ ला अपाफ्लुरेन म्हणतात. शोधाच्या ओळीत ही सगळी नावं ‘किंवा’ने जोडली नाहीत तर निम्मा माल सुटतो.

एस्पासनेटची खरी ताकद पेटंट फॅमिलीत दिसते. एक क्रमांक उघडा, साधी फॅमिली आणि इनपाडोक फॅमिली, दोन्ही पाहा. साध्या फॅमिलीत तोच शोध वेगवेगळ्या देशांत कुठे दाखल झाला ते कळतं. इनपाडोक फॅमिलीत त्याच मुळातून फुटलेल्या पुढच्या फांद्याही येतात. काउंटरसारख्या भागावर या फांद्याच जास्त त्रासाच्या, कारण मूळ पेटंट टाळून रचना केली तरी त्याच वर्णनातून निघालेल्या पुढच्या अर्जाचे क्लेम तुमच्या रचनेवर बेतून लिहिता येतात. फॅमिली पाहताना क्रमांकापुढचं अक्षर तपासा. ए म्हणजे सहसा नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज. युरोपात आणि अमेरिकेत बी म्हणजे मंजूर पेटंट. अर्ज पाहून घाबरणं आणि मंजूर पेटंट पाहून निश्चिंत राहणं, दोन्ही चुका सर्रास होतात.

कमजोर बाजू म्हणजे कायदेशीर घडामोडींचा रकाना. ती माहिती त्या त्या देशाकडून येते, काहींची उशिरा, काहींची अपुरी. तिथे ‘शुल्क न भरल्याने बंद’ असं नसणं म्हणजे पेटंट जिवंत असल्याचा पुरावा होत नाही. युरोपचं मंजूर पेटंट पुढे देशोदेशी वेगळं जगतं, आणि १ जून २०२३ पासून त्यात बऱ्याच देशांना मिळून एकच, अशा एकसंध पेटंटचाही पर्याय आला आहे. त्यामुळे शेवटी त्या देशाच्या नोंदवहीत जावंच लागतं. एसपीसी, म्हणजे युरोपातली पाच वर्षांपर्यंतची मुदतवाढ, हिचा हिशेब एस्पासनेट करून देत नाही. ती मुदतवाढ औषधाच्या सक्रिय घटकासाठी असते. यंत्राला ती मिळत नाही; यंत्र आणि औषध यांच्या जोड-उत्पादनाचा हा रस्ता युरोपीय न्यायालयाने २०१८ च्या बोस्टन सायंटिफिक प्रकरणात अडवला. म्हणजे युरोपात औषधाच्या पेटंटला पाच वर्षांपर्यंत शेपूट लागू शकतं, पण यंत्राचं पेटंट २० वर्षांत संपतं.

गुगल पेटंट्स

वाचण्याच्या बाबतीत गुगल दोघांच्या पुढे आहे. पान झटकन उघडतं, क्लेम आणि वर्णन शेजारी दिसतात, चिनी-जपानी मजकुराचं भाषांतर लगेच मिळतं. ‘साइटेड बाय’ची यादी तर इनहेलरसाठी सोन्यासारखी आहे. जुन्या काउंटरच्या एका पेटंटवरून पुढची वीस वर्षं कोण कोण त्याच जागेत काम करत होतं ते एका यादीत उलगडतं. शोधाची सुरुवात कुठून करावी ते सुचत नसेल तर हीच पद्धत वापरा: एक चांगलं पेटंट पकडा, त्याचे सीपीसी कोड टिपून घ्या आणि ते कोड घेऊन एस्पासनेटवर जा.

तारखेच्या बाबतीत मात्र गुगल धोक्याचं. घटनाक्रमात दिसणारी ‘अपेक्षित समाप्ती’ हा अंदाज आहे, आणि गुगल स्वतः तसं तिथे लिहितं. अमेरिकेत एकाच कंपनीच्या जुळ्या पेटंटांवर टर्मिनल डिस्क्लेमर असतो, म्हणजे धाकटं पेटंट थोरल्याबरोबरच संपतं. यंत्रांच्या लांबलचक फॅमिल्यांत तो पदोपदी भेटतो. ही गोष्ट आणि मान्यतेला लागलेल्या वेळेपोटी मिळालेली मुदतवाढ त्या अंदाजात धरलेली असेलच असं नाही. त्यासाठी अमेरिकन पेटंट ऑफिसच्या पेटंट सेंटरमध्ये फाइल उघडायची आणि तीन गोष्टी पाहायच्या: पेटंट ऑफिसच्या उशिरापोटी दिवसांत मोजून मिळालेली अ‍ॅडजस्टमेंट, टर्मिनल डिस्क्लेमरचा कागद, आणि साडेतीन, साडेसात व साडेअकरा वर्षांचं देखभाल-शुल्क भरलं की नाही. शुल्क चुकलं आणि सहा महिन्यांची सवलतही गेली तर ऑरेंज बुकात काहीही तारीख असो, पेटंट संपलेलं असतं.

तिन्ही एकत्र वापरून पाहिल्या तर

अडव्हेअर डिस्कस हा भुकटीचा इनहेलर शिकायला उत्तम प्रकरण. अमेरिकेत मान्यता २०००. आत ६० फोडांची फॉइलची फीत, प्रत्येक फोडात लॅक्टोजसह १२.५ मिलिग्रॅम भुकटी. तरफ सरकवली की फीत एक घर पुढे जाते आणि वरचं फॉइल खालच्यापासून सोलून वेगळं होतं. फ्लुटिकासोन आणि सालमेटेरॉल एकत्र देण्यावरचं अमेरिकी पेटंट २०१० मध्ये संपलं. ब्रिटनमध्ये तर हे जोडीचं पेटंट २००४ मध्येच न्यायालयाने रद्द केलं होतं. डिस्कस या यंत्रावरची अमेरिकी पेटंटं २०१६ पर्यंत चालली. आणि मायलनच्या विक्सेला इनहबला, म्हणजे पहिल्या जेनेरिकला, मान्यता मिळाली ३० जानेवारी २०१९ ला.

मधली तीन वर्षं कुठल्याच पेटंट-शोधात दिसत नाहीत. जेनेरिक इनहेलरने रक्तातली मात्रा जुळवणं पुरेसं नसतं. कणांचा आकार, ओढलेल्या श्वासाच्या वेगवेगळ्या वेगांना सुटणारी मात्रा, फुफ्फुसातला परिणाम, सगळं जुळवावं लागतं. शिवाय रुग्णाला नव्याने न शिकवता यंत्र बदलून देता आलं पाहिजे. इथे जेनेरिक बनवणाऱ्याची खरी कोंडी आहे. बाहेरून पायऱ्या त्याच हव्यात: उघडा, तरफ सरकवा, ओढा, मिटा. आतली यंत्रणा मात्र पेटंटमधल्या यंत्रणेपेक्षा वेगळी हवी. म्हणून यंत्राचं पेटंट वाचताना दोन रकाने पाडून बसावं: रुग्णाच्या हाताला आणि तोंडाला जाणवणारं काय, आणि कवचाच्या आत लपलेलं काय. क्लेम पहिल्या रकान्यात शिरत असेल तर अडचण मोठी. तो दुसऱ्यातच राहिला तर रस्ता काढता येतो.

अल्ब्युटेरॉलच्या पंपांत हीच गोष्ट फॉर्म्युलेशनच्या बाजूने दिसते. औषधावरचं पेटंट केव्हाच संपलेलं होतं. जुन्या पंपांतले सीएफसी वायू ओझोनला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांचा शेवट ठरवला, आणि अमेरिकेत ३१ डिसेंबर २००८ नंतर सीएफसीचे अल्ब्युटेरॉल पंप बंद झाले. त्यांच्याबरोबर स्वस्त जेनेरिकही गेले. त्यांच्या जागी आलेल्या एचएफए पंपांची लेबलं शेजारी ठेवून वाचा. प्रोव्हेंटिल एचएफएमध्ये १३४ए, इथेनॉल आणि ओलेइक आम्ल. प्रोएअरमध्ये १३४ए आणि इथेनॉल. व्हेंटोलिन एचएफएमध्ये फक्त १३४ए. औषध तेच, तरी तीन वेगळी मिश्रणं. थ्रीएमच्या पेटंटाने १३४ए सोबत सरफॅक्टंट (ओलेइक आम्लासारखा) आणि जास्त ध्रुवीय सहद्रावक (इथेनॉलसारखा) अशी जोडी क्लेम केली होती, हे कळलं की मिश्रणात एखादा घटक नसण्याला पेटंटच्या नकाशावर किती अर्थ आहे ते लक्षात येतं. प्रोएअर एचएफएच्या पहिल्या जेनेरिकला मान्यता मिळाली फेब्रुवारी २०२० मध्ये, प्रोव्हेंटिल एचएफएच्या जेनेरिकला एप्रिल २०२० मध्ये. तोवर ११ वर्षं उलटली होती. स्वस्त पंप मिळत नाही म्हणून पफ वाचवून वापरणाऱ्या माणसाला या तारखांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

लेबलं वाचायला डेलीमेड ही साइट वापरा. पेटंट-शोधाच्या आधी लेबल वाचण्याची सवय फार वेळ वाचवते. घटक, फोडांची संख्या, काउंटर कुठून मोजायला लागतो, किती पफ हवेत सोडून पंप तयार करायचा, पिशवीतून काढल्यावर किती दिवसांत टाकून द्यायचा, यातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी क्लेमकडे बोट दाखवते. पाकिटाबाहेर मुदत कमी असेल तर ओलाव्याचा प्रश्न आहे, आणि मग वाळवणाऱ्या पदार्थावरची, फॉइलवरची पेटंटंही शोधायला हवीत.

सध्या ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांनी ए६१के ९/००८ या कप्प्यावर लक्ष ठेवावं. प्रोपेलंट पुन्हा बदलतंय. १३४ए वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट, २२७ तर ३,२२० पट. त्यांच्या जागी १५२ए आणि एचएफओ १२३४झेडई येत आहेत. १२३४झेडई वापरणाऱ्या अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या ट्रिक्झिओला ब्रिटनमध्ये मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली. १५२ए पेट घेऊ शकतो, म्हणजे भरण्याच्या कारखान्यापासून व्हॉल्व्हच्या रबरापर्यंत सगळं पुन्हा तपासावं लागतं, आणि व्हॉल्व्हचं रबर फुगलं की मोजलेली मात्राच चुकते. या सगळ्यावर नवे अर्ज पडणार. ऑरेंज बुकात ते मान्यतेनंतरच येतील आणि त्यांतही यंत्राचे कदाचित येणारच नाहीत. एस्पासनेटवर ते पहिल्या दाखल-तारखेनंतर १८ महिन्यांनी उघडतात. जुन्या औषधाचं नाव, १२३४झेडई किंवा १५२ए यांची सगळी नावं ‘किंवा’ने जोडून, आणि हा कप्पा, असा शोध एकदा लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा चालवा.